शेंगांची टरफलं कुंडीत: आधी मुरवा, मग मिसळा

भुईमुगाचं टरफल चिमटीत दाबलं की कट्‌कन मोडतं, पण पाण्यात टाकलं तर बराच वेळ नुसतं तरंगत राहतं. बाहेरून शिरांची जाळी, आतून पांढुरका गुळगुळीत पापुद्रा आणि मधे पन्हाळीसारखा बाक. हा बाकच आपल्या कामाचा. मातीत मिसळलेला प्रत्येक तुकडा स्वतःभोवती थोडी पोकळी धरून ठेवतो आणि त्या पोकळीतून मुळांना हवा मिळते. कुंडीतली माती पाणी घालून घालून दबत जाते, तिला मोकळं ठेवायला असं काहीतरी लागतंच.

पण टरफल म्हणजे खत नव्हे. नव्याने बाग करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. टरफलात नत्र (नायट्रोजन) जेमतेम 1 टक्का असतं आणि कर्ब (कार्बन) त्याच्या चाळीसपट किंवा त्याहूनही जास्त. टरफल कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला 25 ते 30 भाग कर्बामागे 1 भाग नत्र हवं असतं. ते टरफलात मिळालं नाही की ते मातीतून उचलतात. कच्ची टरफलं भरलेल्या कुंडीत पालक लावला की दोन-तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडतात ती यामुळे. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच गोष्टीवर बेतलेली आहे: टरफलाची नत्राची भूक कुंडीबाहेर भागवायची आणि मगच त्याला मुळांजवळ न्यायचं.

कोणती टरफलं घ्यावीत

घरी सोललेल्या कच्च्या, वाळलेल्या शेंगांची टरफलं सगळ्यात चांगली. 1 किलो शेंगा सोलल्या की पाव किलोच्या वर टरफल निघतं आणि ते चुरडलं की साधारण 2 लिटर भरतं. म्हणजे एका मोठ्या कुंडीसाठी अडीच-तीन किलो शेंगांची टरफलं पुरतात. जास्त हवी असतील तर शेंगा फोडून देणाऱ्या यंत्रवाल्याकडे किंवा तेलघाण्यावर विचारा. तिथे पोत्याने मिळतात. खरिपाच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात, उन्हाळी भुईमूग मे महिन्याच्या आसपास. मे महिन्यात आणलेली टरफलं लगेच मुरायला घातली तर पावसाळी भाज्यांच्या लागवडीपर्यंत तयार होतात.

भाजलेल्या शेंगांची टरफलं चालतात, उलट भाजल्यामुळे त्यातली रोगबीजं बरीचशी मेलेली असतात. खारवलेल्या किंवा मीठ घालून उकडलेल्या शेंगांची टरफलं मात्र दोनदा स्वच्छ पाण्यात चार-चार तास भिजवून, ते पाणी फेकून मगच वापरायची. मीठ कुंडीत साठत जातं आणि पानांच्या कडा करपतात.

पोतं उघडलं की आधी वास घ्या आणि रंग बघा. कोरडा, लाकडासारखा वास हवा. कुबट वास, हिरवट-पिवळी किंवा काळी बुरशी दिसली तर ते पोतं घरात आणू नका. ओलसर राहिलेल्या भुईमुगावर अफलाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी वाढते आणि तिची धूळ नाकातोंडात जाणं चांगलं नाही. चांगली टरफलंसुद्धा हाताळताना नाकाला रुमाल बांधा आणि वरून थोडं पाणी शिंपडा.

यंत्रातून आलेल्या टरफलांत फुटके दाणे, कोवळ्या पोचट शेंगा, माती असं बरंच काही असतं. मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून दाणे वेचून काढा. एक मूठ दाणे राहिले तरी उंदीर आणि खारी कुंडी उकरतात, रोप उपटून पडतं आणि दोष बिचाऱ्या टरफलांवर येतो.

चुरडणे

अख्खं अर्धुकं टरफल मिश्रणात घालू नये. एक तर त्याच्या वाटीत पाणी साचतं, शिवाय बी पेरलं तर ते पोकळीत पडून वाळतं. तुकडे अर्धा ते एक सेंटिमीटरचे हवेत, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीपासून शेंगदाण्याएवढे. टरफलं बारदानात भरा, तोंड बांधा आणि चपला घालून पाच मिनिटं तुडवा. थोडीच असतील तर पोळपाटावर पसरून लाटणं फिरवलं तरी होतं.

मिक्सरमधून काढायचा मोह टाळा. त्यात पीठ होतं, आणि ते पीठ मातीतल्या मोकळ्या जागा भरून टाकतं. ज्यासाठी टरफल घातलं त्याच्या नेमकं उलट घडतं. तुडवून झाल्यावरही रव्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेला भुगा कंपोस्टच्या डब्यात टाका, चाळणीत राहिलेले तुकडे आपले.

उकळतं पाणी

ही पायरी वगळणारे पुष्कळ आहेत. वगळू नका. भुईमूग जमिनीत पोसतो, त्यामुळे टरफलाबरोबर शेतातले रोग येतात. त्यातला सगळ्यात त्रासदायक म्हणजे स्क्लेरोशियम बुरशी. ती टोमॅटो, मिरची, वांगी यांचं खोड मातीलगत कुजवते. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही मातीच्या कणांबरोबर येऊ शकतात. मोठ्या ढिगात कुजवताना आतलं तापमान 55 अंशांच्या पुढे जातं आणि हे सगळं मरतं. पण घरच्या 20 लिटरच्या बादलीत तेवढी उष्णता तयारच होत नाही, कारण इतक्याशा ढिगातून ऊब लगेच निघून जाते. म्हणून ती बाहेरून द्यायची.

10 लिटर चुरडलेली टरफलं मोठ्या पातेल्यात किंवा लोखंडी घमेल्यात घ्या. वरून सगळी बुडतील एवढं, म्हणजे साधारण 8 लिटर, खळखळ उकळलेलं पाणी ओता. तरंगून वर येतात म्हणून ताटली ठेवून तिच्यावर दगड ठेवा. वर जाड पोतं टाकून पाऊण तास झाकून ठेवा, मग निथळा. पाणी चहासारखं तपकिरी होतं, ते ओतून द्या. या पायरीचा दुसरा फायदा असा की टरफलाचा पाण्याला नकार संपतो. कोरडं टरफल पाणी सहज शोषत नाही. उकळत्या पाण्याने एकदा भिजलं की पुढे ओल धरून ठेवतं.

मुरवणे

निथळून गार झालेल्या 10 लिटर टरफलांत नत्राचा एक स्रोत मिसळायचा. पुढच्यांपैकी कोणताही एकच:

- निंबोळी पेंड 150 ग्रॅम
- भुईमुगाची पेंड 100 ग्रॅम (काम पटकन होतं, पण वास येतो आणि उंदरांना आवडते, बादलीला झाकण पक्कं हवं)
- युरिया 15 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात विरघळवून

यापेक्षा जास्त घालून लवकर मुरत नाही, उलट अमोनियाचा नाकात जाणारा वास सुटतो, म्हणजे घातलेलं नत्र हवेत चाललं. आपण उकळत्या पाण्याने चांगले जिवाणूही मारले आहेत, तेव्हा विरजण म्हणून तयार कंपोस्ट किंवा गांडूळखत 1 लिटर आणि मूठभर शेण पाण्यात कालवून घाला. नुसतं आंबट ताक घालणारे बरेच आहेत. ताकाने अपाय नाही, पण त्यातून मिळणारं नत्र फारच थोडं. पेंडीची जागा ताक घेऊ शकत नाही.

हे सगळं बाजूंनी आणि तळाला भोकं पाडलेल्या बादलीत भरा, किंवा भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटला आतून गोणपाट लावून त्यात. जागा सावलीची. ओल ओळखायची खूण अशी: मूठभर घेऊन घट्ट पिळलं तर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त, थोडी सुकी टरफलं मिसळा. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. दर चार-पाच दिवसांनी खालचं वर करा. दुसऱ्या आठवड्यात तुकड्यांवर कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी दिसेल. ती टरफल कुजवणारी आहे, घाबरून फेकू नका.

उन्हाळ्यात 20 ते 25 दिवस, थंडीत 35 ते 40 दिवस लागतात. झालं की नाही हे बघायला एक तुकडा घ्या: रंग गडद तपकिरी, वास पावसाळ्यातल्या मातीसारखा, आणि चिमटीत दाबला तर कट्‌कन न मोडता वाकतो, मग तुटतो. इथेच थांबायचं. आणखी महिनाभर ठेवलं तर चांगलं कंपोस्ट होईल, पण त्याचे तुकडे उरणार नाहीत आणि आपल्याला तर तुकडेच हवे आहेत.

मिश्रणाचं माप

सगळी मापं आकारमानाने घ्या, वजनाने नाही. 1 लिटरचा एखादा डबा माप म्हणून बाजूला ठेवा. हेही लक्षात असू द्या की 20 लिटरची कुंडी भरायला 20 लिटर साहित्य पुरत नाही. बारीक कण मोठ्या तुकड्यांच्या फटींत बसतात आणि मिश्रण आटतं. म्हणून 12 इंच रुंद, 12 इंच उंच गोल ग्रो बॅगसाठी साधारण 22 लिटर घ्यायचं:

- पोयट्याची किंवा लाल माती 7 लिटर
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट 6 लिटर
- भिजवून फुलवलेलं कोकोपीट 4 लिटर
- मुरवलेली टरफलं 5 लिटर
- निंबोळी पेंड 100 ग्रॅम

हे टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, पालेभाज्या यांचं माप, म्हणजे एका हंगामात संपणाऱ्या पिकांचं. माती काळी चिकण असेल तर ती 5 लिटरवर आणा आणि 2 लिटर जाड वाळू घाला. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि भिजली की फुगते, नुसती टरफलं घालून तिचा स्वभाव बदलत नाही. कोकणात किंवा जिथे कुंड्या थेट पावसात राहतात तिथे पावसाळ्यासाठी कोकोपीट निम्मं करा.

जास्वंद, मोगरा, लिंबू, कढीपत्ता अशा वर्षानुवर्षं एकाच कुंडीत राहणाऱ्या झाडांसाठी टरफलं 2 ते 3 लिटरच्या वर नकोत. कारण साधं आहे. टरफल कुजत जाणार आणि मिश्रण खाली बसत जाणार. हंगामी भाजीनंतर कुंडी रिकामी करून पुन्हा भरता येते, लिंबाच्या मुळांखाली मात्र नवीन भर घालता येत नाही. वरून माती टाकत राहिलं की खोड पुरलं जातं आणि सालीला कूज लागते. रोपांच्या ट्रेमध्ये तर टरफलं अजिबात घालू नयेत, तिथे तुकडे बियांपेक्षा मोठे ठरतात.

कुंडी काठापासून दीड इंच खाली भरा. हंगामी मिश्रण चार-पाच महिन्यांत दीड-दोन इंच बसतं, ते बिघडल्याचं लक्षण नाही. भाजी काढल्यावर मिश्रण ताडपत्रीवर पसरा, जाड मुळं वेचा, 2 लिटर ताजी मुरवलेली टरफलं आणि 2 लिटर कंपोस्ट घालून पुन्हा वापरा.

भरण्याआधी एक चाचणी

दहा मिनिटांचं काम आहे आणि अंदाजाची जागा आकडा घेतो. 1 लिटरचा, साधारण 10-12 सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला चार भोकं पाडून ती चिकटपट्टीने बंद करा. डब्यात मिश्रण काठोकाठ भरा, दोनदा हलकेच आपटा, पुन्हा काठोकाठ करा. आता कडेने हळूहळू पाणी सोडत जा, वर पाणी चमकेपर्यंत. अर्धा तास थांबा, खाली गेलं तर पुन्हा भरा. मग डबा परातीवर धरून पट्ट्या काढा आणि निथळणं थांबेपर्यंत थांबा. परातीत पडलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी पडलं तेवढी जागा आता हवेने घेतली.

100 ते 200 मिलिलिटर आलं तर मिश्रण चांगलं. 80 च्या खाली आलं तर माती फार दाट आहे, टरफलं लिटरभर वाढवा. 250 च्या वर गेलं तर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालायची तयारी ठेवा किंवा कोकोपीट वाढवा. कुंडी जितकी उंच तितकं पाणी चांगलं निथळतं, म्हणून प्रत्यक्ष 12 इंची कुंडीत हवा या डब्यापेक्षा थोडी जास्तच मिळेल.

आणि तळातल्या थराबद्दल. कुंडीच्या तळाशी खापऱ्या, करवंट्या किंवा टरफलांचा जाड थर देऊन निचरा सुधारतो असं घरोघरी मानलं जातं. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. ते थराच्या वर अडून राहतं आणि मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर उंची तेवढी कमी होते. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, बस्स. टरफलं मिश्रणात सगळीकडे हवीत, तळाशी नकोत.

पहिले सहा आठवडे

मुरवलेलं टरफलही नत्र थोडं खातंच. रोप लावल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून खालच्या पानांवर नजर ठेवा. जुनं पान शिरांसकट सारखं फिकट होत गेलं तर ती नत्राची कमतरता. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर कारण वेगळं, त्यावर नत्र ओतू नका. नत्राच्या कमतरतेवर उपाय म्हणून 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला 2 ग्रॅम, कुंडीला अर्धा ते एक लिटर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. सेंद्रिय हवं असेल तर 100 ग्रॅम भुईमुगाची पेंड 1 लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घालून द्या. आठवडाभरात नवी पानं गर्द येऊ लागतात. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, त्यांची वाट बघू नका.

पावसाळ्यात कुंडीत छत्र्या उगवतील. झाडाला त्यांच्यापासून त्रास नाही, घरात लहान मुलं असतील तर उपटून टाका. बारीक काळी चिलटं उडायला लागली तर वरची माती सतत ओली राहते आहे, दोन पाण्यांतलं अंतर वाढवा. जमिनीवर ठेवलेल्या कुंड्यांना वाळवी लागू शकते, त्या विटांवर उचलून ठेवा.

एक लक्षण मात्र हलक्यात घेऊ नका. रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरत नाही. खोडाजवळची माती बोटाने बाजूला करून बघा. खोडाला पांढरे तंतू पंख्यासारखे चिकटलेले आणि त्यांत मोहरीएवढे गोल, तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची कूज. ते मोहरीसारखे दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. रोप मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंडी घासून उन्हात वाळवा, आणि त्याच पोत्यातली उरलेली टरफलं पुन्हा उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय वापरू नका.

मुरवायला वेळ नसेल तर

आच्छादन करा. न चुरडलेली टरफलं मातीवर इंचभर पसरली तर उन्हाळ्यात ओल बरीच टिकते. वरच्या थरातली टरफलं मुळांच्या वाट्याचं नत्र फारसं खात नाहीत, कारण मातीला ती फक्त खालून चिकटलेली असतात. खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी सोडा. हलकी असल्याने वाऱ्याने उडतात, म्हणून भिजवून पसरा. पावसाळा लागला की काढून घ्या, तोवर तीही निम्मी मुरलेली असतात.

इतर टरफलं

नारळाची करवंटी भुईमुगाच्या अगदी उलट. ती कुंडीत कित्येक वर्षं तशीच राहते, नत्रही ओढत नाही. हातोडीने सुपारीएवढे तुकडे करून ऑर्किड आणि अडेनियमसाठी वापरा. ऑर्किडला करवंटीचे तुकडे, सोडणाचे (नारळाच्या काथ्याच्या सालीचे) तुकडे आणि लाकडी कोळसा समप्रमाणात चांगले मानवतात. अडेनियमला भुईमुगाचं टरफल देऊ नका, कुजताना धरलेली ओल त्याच्या फुगीर बुंध्याला सोसत नाही.

पिस्त्याची टरफलं टिकाऊ आणि देखणी, पण बहुतेक वेळा खारट. तीनदा पाणी बदलून रात्रभर भिजवा. बदामाची आणि अक्रोडाची कठीण कवचंही फोडून चालतात. अक्रोडाच्या झाडातलं जुग्लोन नावाचं द्रव्य टोमॅटोवर्गीय पिकांना बाधतं, पण ते मुख्यतः काळ्या अक्रोडात असतं. आपल्याकडच्या काश्मिरी अक्रोडात ते बरंच कमी. तरी टोमॅटो-वांग्याच्या कुंडीत ती कवचं न घातलेली बरी.

काजूची टरफलं मात्र नकोतच. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोव्यात ती ढिगाने मिळतात म्हणून हे ठासून सांगायला हवं. काजूच्या कवचात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असलेलं काळं, जळजळीत तेल असतं. ओले काजूगर सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते त्याच तेलापासून कातडी वाचवायला. त्याने हाताची सालं निघतात. भाजलेल्या कवचातही ते शिल्लक राहतं, आणि घरी जाळलं तर धूरसुद्धा डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. कारखान्यातून तेल काढून घेतलेली पेंड जळण म्हणून जाते, ती तिथेच जाऊ द्या. कोकणातल्या कुंडीला सोडण आणि करवंटी दारातच मिळते.